महिला व मुलांसाठी विशेष कक्ष

कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांना पोलिसांच्याच आवारात सामाजिक कार्यकर्त्यांची मदत मिळवून देणारी यंत्रणा. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात ती सुरू केली. ‘स्पेशल सेल’ या नावाने ती ओळखली जाते. पुढे ती महाराष्ट्रभर पसरली.

जागेची निवड मोलाची ठरली. मारहाण झालेली बाई पोलिसांकडे येते, पण प्रत्येकीला लगेच गुन्हा नोंदवायचा नसतो. कुणाला नवऱ्याच्या घरातून आपली कागदपत्रे, दागिने आणि मुले हवी असतात, तर कुणाला फक्त रात्रीपुरता आसरा. कक्षातील कार्यकर्ती आधी तिचे ऐकून घेते, मग पोलीस, वकील किंवा निवारागृहाशी तिची गाठ घालून देते. निर्णय मात्र बाईचाच.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरातील वास्तव्याचा हक्क मान्य केला आणि संरक्षण अधिकारी नेमले. त्यामुळे या कामाला कायद्याचे बळ मिळाले.

रुग्णालयांतही असाच प्रयत्न झाला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था व महापालिकेने ‘दिलासा’ केंद्र उघडले, कारण अनेक जखमी स्त्रिया पोलिसांआधी डॉक्टरांकडेच पोहोचतात.