टेनिस एल्बो : कोपराचं दुखणं आणि फिजिओथेरपी
नाव टेनिसचं, पण बहुतेक रुग्णांनी रॅकेट हातातही धरलेलं नसतं. कपडे पिळणं, पाना फिरवणं, आम्हा शिक्षकांचं फळ्यावर लिहिणं, सगळं यात आलं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेला असतो, सततच्या ताणाने तो झिजतो.

व्यायाम असा : हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. अर्ध्या किलोचं वजन दुसऱ्या हाताने वर घ्या, दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडा. 15 वेळा, तीन फेऱ्या. कळ वाढली तर वजन कमी करा. फरक पडायला आठवडे लागतात, म्हणूनच लोक मध्येच सोडतात.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर बरं वाटतं, पण दुखणं उलटण्याचं प्रमाणही जास्त. आम्ही तरी त्याची घाई करणार नाही. बोटं बधिर होत असतील तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.