लायबेरियातील शांतताप्रक्रिया आणि परदेशस्थ लायबेरियन समाज : एक ऐतिहासिक अभ्यास

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशाचा जन्मच मुळी स्थलांतरातून झाला. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांच्या वसाहती १८२२ पासून या किनाऱ्यावर वसू लागल्या आणि २६ जुलै १८४७ रोजी त्यांनी स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. या अल्पसंख्य वसाहतकारांच्या वंशजांनी पुढे शंभरहून अधिक वर्षे मूळनिवासी जमातींवर सत्ता गाजविली. १२ एप्रिल १९८० रोजी सॅम्युअल डो याने लष्करी उठाव करून ती उलथून टाकली; परंतु त्याची राजवटही जमातींमधील वैराला खतपाणी घालणारीच ठरली. १९८९ ते २००३ या काळात झालेल्या दोन यादवी युद्धांत सुमारे अडीच लाख लोक मृत्युमुखी पडले, असा अंदाज आहे. या संघर्षानंतरच्या शांतता-उभारणीत परदेशस्थ लायबेरियनांचे स्थान काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परदेशस्थ समाज म्हणजे मायदेशी पैसे पाठविणारा व शांततेसाठी झटणारा वर्ग, असे चित्र सामान्यतः रंगविले जाते. लायबेरियाचा इतिहास मात्र या चित्राला छेद देतो. अमेरिकेतील लायबेरियन संघटनांचा महासंघ १९७४ मध्ये स्थापन झाला. चार्ल्स टेलर हा याच महासंघाच्या नेतृत्वातून पुढे आला. मॅसॅच्युसेट्समध्ये अर्थशास्त्र शिकलेला हा तरुण १९८५ मध्ये तेथील तुरुंगातून निसटला आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्याने आयव्हरी कोस्टच्या सीमेवरून सशस्त्र चढाई सुरू केली. त्याच्या चळवळीसाठी अमेरिकेतील लायबेरियनांकडून निधी गोळा झाला होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या एलेन जॉन्सन सरलीफ यांनीही दहा हजार डॉलर उभारण्यातील आपला सहभाग २००९ मध्ये सत्य आणि समेट आयोगापुढे मान्य केला. तात्पर्य, युद्ध व शांतता या दोहोंची बीजे एकाच समाजात होती.

आंतरराष्ट्रीय प्रयत्नांचा आरंभ शेजाऱ्यांकडून झाला. ऑगस्ट १९९० मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाने नायजेरियाच्या पुढाकाराने फौज पाठविली. ही फौज स्वतःच लढाईत ओढली गेली आणि तिच्या सैनिकांवर लुटालुटीचे आरोपही झाले. त्यानंतर करारामागून करार झाले. त्यांपैकी बहुतेकांनी सशस्त्र गटांच्या म्होरक्यांना सत्तेत वाटा देऊन युद्ध मिटविण्याचा मार्ग पत्करला, आणि बंदूक हाती घेणाऱ्यालाच वाटाघाटीत खुर्ची मिळते हा धडा सर्वांनी घेतला. १९९७ च्या निवडणुकीत टेलर प्रचंड बहुमताने अध्यक्ष झाला व १९९९ मध्ये युद्ध पुन्हा भडकले.

जून २००३ मध्ये घानात सुरू झालेल्या वाटाघाटीही अशाच रेंगाळल्या. तेव्हा लेमा बोवी यांच्या नेतृत्वाखाली लायबेरियन स्त्रियांनी सभागृहाची दारे अडवून प्रतिनिधींना आत कोंडले. घानातील निर्वासित छावण्यांत राहणाऱ्या स्त्रियाही त्यांत सामील होत्या. ११ ऑगस्टला टेलरने देश सोडला आणि १८ ऑगस्ट २००३ रोजी अक्रा येथे सर्वंकष करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पंधरा हजारांपर्यंत सैन्यबळाच्या मोहिमेने एक लाखाहून अधिक व्यक्तींचे नि:शस्त्रीकरण केले. ती मोहीम मार्च २०१८ मध्ये संपली. या मोहिमेत २००७ ते २०१६ या काळात भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांची तुकडी होती, हे येथे नमूद करावयास हवे.

अक्रा कराराने खटल्यांऐवजी सत्य आणि समेट आयोगाची तरतूद केली. या आयोगाने मिनेसोटातील एका मानवाधिकार संस्थेच्या साहाय्याने अमेरिका, ब्रिटन आणि घानातील बुडुबुराम छावणी येथील लायबेरियनांच्या सोळाशेहून अधिक जबान्या नोंदविल्या. जून २००८ मध्ये तर मिनेसोटातील सेंट पॉल शहरात जाहीर सुनावणी झाली. देशाबाहेर पडलेल्यांना राष्ट्रीय इतिहासाचे साक्षीदार मानण्याचा हा प्रयोग सत्यशोधन आयोगांच्या परंपरेत नवा होता. पण साक्ष देणाऱ्यांच्या वाट्याला पुढे काय आले? आयोगाने खटल्यांसाठी विशेष न्यायालयाची शिफारस केली, सरलीफ यांच्यासह अनेकांना तीस वर्षे सार्वजनिक पदांपासून दूर ठेवावे असे सुचविले. २०११ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. डोच्या हत्येस जबाबदार असलेला प्रिन्स जॉन्सन २००५ च्या निवडणुकीत सिनेटवर निवडून आला आणि २०२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सिनेटर राहिला.

परिणामी न्यायाची दारे परदेशातच उघडली. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने अलियू कोसिया यास युद्धगुन्ह्यांबद्दल वीस वर्षांची शिक्षा दिली. लायबेरियात मात्र विशेष न्यायालयाच्या पूर्वतयारीसाठी कार्यालय स्थापणारा आदेश राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी काढला तो मे २०२४ मध्ये, म्हणजे अक्रा करारानंतर दोन दशके उलटल्यावर. दरम्यान फिलाडेल्फियानजीक अनेक वर्षे राहिलेल्या मोहम्मद जब्बाते या माजी म्होरक्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी लायबेरियातून बळी व साक्षीदार अटलांटिक ओलांडून आले. २०१८ मध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. तथापि कागदोपत्री त्याचा गुन्हा एवढाच होता की, अमेरिकेतील स्थलांतर अधिकाऱ्यांना त्याने आपल्या पूर्वायुष्याविषयी खोटी माहिती दिली.