शिष्यवृत्ती, परदेशी उच्च शिक्षणासाठी शासकीय

परदेशी विद्यापीठात शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास प्रवास, शुल्क व निर्वाह यांसाठी शासनाने दिलेले द्रव्यसाहाय्य. हिंदुस्थान सरकारने १८६८ मध्ये इंग्लंडमधील शिक्षणासाठी प्रतिवर्षी २०० पौंडांच्या नऊ शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्या लवकरच बंद झाल्या व पुढे मर्यादित प्रमाणात पुन्हा दिल्या जाऊ लागल्या.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागाशी या इतिहासाचा निकटचा संबंध आहे. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) तेथे शिकले. सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये केंब्रिजला जाऊन ते १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले (हा मान विभागून होता). सरकारी नोकरी न पत्करता, जाण्यापूर्वी डेक्कन एज्युकेशन सोसायटीस दिलेले वचन त्यांनी पाळले. १९०२ मध्ये गोखले निवृत्त झाले आणि त्याच वर्षी परांजपे प्राचार्य झाले. शासनाच्या पैशाचा लाभ अशा रीतीने एका खाजगी संस्थेस मिळाला.

संस्थानांच्या शिष्यवृत्तीत परतफेडीची अट अधिक कडक असे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या भीमराव रामजी आंबेडकरांना बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षांची ही मुदत पुढे एक वर्षाने वाढविण्यात आली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. लंडनमधील अध्ययन अपुरे टाकून १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर पडावे लागले आणि काही दिवसांतच त्यांनी बडोदे सोडले. कराराचा भंग विद्यार्थ्याने केला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; ज्याच्या शिक्षणावर खर्च केला, त्याला कचेरीत व गावात सन्मानाने वावरता येईल अशी व्यवस्था संस्थानास करता आली नाही. राहिलेले अध्ययन आंबेडकरांनी १९२० नंतर स्वतःची बचत, कर्ज व कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे साहाय्य यांवर पुरे केले.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना १९४२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद असावी, अशी मागणी त्यांनी केली. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून, तर महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची योजना २००३ पासून सुरू झाली.