नाण्यावरील दुहेरी ठसा



जुन्या नाण्यावर एकाच अक्षराच्या दोन छाया दिसल्या की पाहणाऱ्याचे कुतूहल चाळवते आणि विकणारा किंमत चढवितो. परंतु दुहेरीपणा वरवर सारखा दिसला तरी त्याची जात एक नसते. ती जात ओळखल्यावाचून नाण्याची साक्ष इतिहासाच्या कामी येत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम हाताने पाडलेली नाणी घेऊ. खालचा ठसा ऐरणीत बसविलेला, त्यावर धातूची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. एका घावाने चित्र नीट उठले नाही, म्हणजे दुसरा घालीत. मध्यंतरी चकती किंचित सरकली की तेच चित्र थोड्या अंतरावर पुन्हा उमटे. ही हाताची चूक त्या एका नाण्यापुरती असते. दुसऱ्यावर ती जशीच्या तशी सापडत नाही.

दुसरा प्रकार खुद्द ठशातील दोषाचा. ठसाच दुहेरी झाला असेल, तर त्यातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष त्याच जागी उतरतो. हे यंत्रयुगातही घडते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून १९५५ साली लिंकनच्या मुद्रेचे हजारो सेंट असेच बाहेर पडले. त्यांवरील सालाचे आकडे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. म्हणून एकाच नाण्यावरून निकाल देऊ नये. त्याच ठशाचे दुसरे नाणे शेजारी ठेवून पाहावे.

तिसरा प्रकार चुकीचा नव्हे, हेतूचा. येथे दोन छाया दोन निरनिराळ्या राजांच्या असतात. याचे ठळक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी मूळची क्षहरात नहपानाची. एका बाजूस त्याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. पण त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा मारलेला आहे : एकीकडे कमानींचा डोंगर व राजाचे नाव, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह. नव्या ठशाखालून जुना चेहरा आणि जुनी अक्षरे डोकावतात.

आता या साक्षीचे मोल पाहा. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राने क्षहरात वंश निर्मूळ केल्याचे म्हटले आहे. मातेने केलेली स्तुती म्हणून कोणी शंका घेईल; पण चांदीला पुत्रप्रेम नसते. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा, एवढा क्रम तिने निःसंदिग्ध सांगितला. शिवाय या साठ्यात तिसऱ्या राजाचे नाव नाही. तेव्हा नहपानाचे चलन थेट गौतमीपुत्राच्या हाती आले, असे अभ्यासकांनी अनुमान केले. नाणी न वितळविता, केवळ ठसा मारून, सत्तांतराची वार्ता बाजारोबाजारी पोहोचली.

म्हणून श्रोत्यांस आमची एकच विनंती आहे. जुने नाणे हाती आले तर ते चिंच-राखेने घासू नका आणि चांदीच्या भावाने मोडू नका. लखलखाटाच्या हौसेपायी खालची पुसट रेषा गेली, तर एका राजाची साक्ष कायमची बुडते.