हळदीची वाटी

कल्याणच्या पुढें आगगाडीचा रस्ता १८५५ सालीं प्रथम वाशिंदपर्यंत येऊन थांबला. कसारा गांठण्यास त्याला १८६१ साल उजाडलें. गाडीबरोबर मुंबईचा माल शहापूर-मुरबाडकडील खेड्यांत येऊं लागला. तथापि नवरी सजविण्याचें साहित्य पुढेंही बराच काळ बहुतांशीं घरचेंच राहिलें.

हें साहित्य थोडें, पण विचारानें निवडलेलें असे. हळद जात्यावर दळावयाची ती गाणीं म्हणत. आगरी-कोळ्यांच्या घरीं धवलारीण धवळे गाई. नवऱ्याच्या अंगास लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पाठवीत. कांति उजळावी हा तिचा एक हेतु, आणि दोन घरांचें नातें जुळावें हा दुसरा. कुंकू हें हळदीचेंच अपत्य. हळदीस टाकणखार व लिंबाचा रस यांचीं पुटें दिलीं म्हणजे ती लाल होते. कपाळावर आधीं मेण लावून त्यावर कोरडें कुंकू दाबीत. त्यामुळें तें घामानें ओघळत नसे. दिव्याची काजळी तुपांत खलून काजळ करीत, व दृष्ट लागूं नये म्हणून त्याचाच एक ठिपका गालावर ठेवीत. कासारानें हिरवा चुडा भरला आणि कपाळीं मुंडावळ्या बांधल्या, कीं शृंगार पुरा झाला.

परंतु हा शृंगार कोणाच्या हातानें व्हावा, याविषयीं नियम कडक होता. हळद लावावयास सवाशिणीच लागत. जिनें वैधव्यांत मोलमजुरी करून मुलगी वाढविली, त्या आईनें त्या दिवशीं माजघरांत बसून राहावें आणि शेजारणीनें तिच्या लेकीच्या गालास हळद लावावी, असा हा प्रकार होता.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला, म्हणजे वाशिंदास गाडी आल्यावर अवघ्या एका वर्षानें. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं स्वतः विधवेशीं विवाह करून त्या कायद्यास आचरणाची जोड दिली. कुणब्यांत तर विधवेचा पाट लावण्याची चाल कायद्याहूनही जुनी. तरी हळदीची वाटी विधवेच्या हातीं आली नाहीं. कायद्यानें लग्नाचें दार उघडलें. माजघराचें उघडलें नाहीं.

तें दार ठोठावलें एका खेड्यानें. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव केला, कीं पतिनिधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें व मंगळसूत्र तोडणें या प्रथा गांवांत बंद व्हाव्या. त्याच महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितलें.

दरम्यान शृंगाराचें साहित्यही पालटलें. १९५२ सालीं लॅक्मे ही देशी कंपनी निघाली, आणि अशा कंपन्यांची डबीबंद प्रसाधनें हळुहळू खेड्यांतही पोहोंचलीं. आज नवरीचा चेहरा रंगविण्यास पुष्कळ घरीं पैसे देऊन प्रसाधिका बोलावितात. ती सवाशीण आहे कीं नाहीं, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. तिचा हात कुशल आहे, एवढेंच पाहतात. हें योग्यच आहे. मात्र परक्या हातास जी मोकळीक सहज मिळते, ती जन्म देणाऱ्या हातास नाकारण्याचें कारण कोणतें, याचा विचार हळदीची वाटी पुढें करतांना प्रत्येक घरानें करावा.