हापशाचा मागोवा

राजगुरुनगरहून रोज चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांना नारू म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं. दुष्काळी पट्ट्यातल्या त्यांच्या आजोबांच्या पिढीला ते सांगावं लागत नसे. गुडघ्याखाली फोड यायचा, आग आग व्हायची आणि फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखं जंताचं टोक दिसायचं. ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. जंत मीटरभर लांबीचाही असे. मध्येच तुटला की पाय सुजे, पू होई आणि माणूस ऐन हंगामात अंथरुणाला खिळे.

याचं मूळ पायऱ्यांच्या विहिरीत होतं. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला जुनी दगडी बारव आहे. अशा बारवा राज्यभर आहेत. बांधकाम देखणं, पण घागर भरायला पाण्यात उतरावं लागे. आग शमवायला फोडाचा पाय पाण्यात बुडाला की मादी हजारो अळ्या सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलजीव गिळतो आणि तो जीव न गाळलेल्या पाण्याबरोबर माणूस. साधारण वर्षाने पुन्हा फोड. सायक्लॉप्सची ही भूमिका १८७० च्या सुमारास फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने दाखवली. रहाटाच्या विहिरीत हा धोका फारसा नव्हता, कारण तिथे पोहरा उतरतो, पाय नाही.

पाय आणि पाणी यांत कायमचं अंतर पाडलं ते हापशाने. गंमत म्हणजे तो नारूसाठी जन्मला नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांतल्या दुष्काळांत काळा पाषाण फोडून बोअर घेतले गेले आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसवले. ते मुळात एका कुटुंबापुरते. इथे अख्खं गाव दिवसभर दांडा हापसणार. ते धडाधड मोडले. मग जालन्यातल्या मिशनऱ्यांनी पोलादी पंप घडवला आणि सोलापुरात त्याच विचारातून आणखी दणकट पंप निघाला. या सोलापुरी पंपावरूनच युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. पुढे तो आफ्रिकेतही गेला. मराठवाडा-सोलापूरच्या वर्कशॉपांचं हे कर्तृत्व आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं होतं.

नारूवर लस नाही, जंत मारणारं औषधही नाही. म्हणून १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाची हत्यारं साधी होती: घरोघरी रुग्णशोध, पाणी गाळायचं कापड, सायक्लॉप्स मारायला टेमेफॉस, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून रहाट आणि जमेल तिथे हापसा. तेव्हा देशात सुमारे ४०,००० रुग्ण होते. बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

सध्या गावोगावी बारवा स्वच्छ करून तिथे दिवे लावले जातात. जरूर लावावेत, वास्तू म्हणून त्या जपायलाच हव्यात. फक्त त्या पायऱ्यांवर उभं राहून ‘पूर्वीचं पाणी किती शुद्ध होतं’ असं म्हणू नका. आणि शेजारचा हापसा बंद पडला असेल, तर ग्रामपंचायतीकडून तेवढा दुरुस्त करून घ्या.