मुळा-मुठेचा खुद्री मासा आणि हरवलेला सीझन

आजची गोष्ट एका माशाची आहे. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

गेल्या मे महिन्यात मी फ्लाय फिशिंगची काठी ऑनलाइन मागवली. व्हिडिओ बघून बघून डोक्यात भरलं होतं. सोबत एक ॲपही घेतलं. तुम्ही कुठे आहात ते बघून ॲप सांगतं की आज मासे लागायला दिवस कसा आहे. एका रविवारी पहाटे ॲप म्हणालं, ‘पुणे, आज परिस्थिती उत्तम.’ वारा कमी, हवेचा दाब स्थिर, चंद्रही म्हणे अनुकूल. मी काठी घेऊन बंडगार्डनच्या खाली मुळा-मुठेच्या काठावर जाऊन उभा राहिलो.

समोर जलपर्णीचा हिरवा गालिचा. जिथे तो फाटला होता तिथे काळं पाणी आणि वर फेस. वासाबद्दल काही बोलत नाही, पुणेकरांना माहीत आहे. थोड्या अंतरावर एक आजोबा साधा गळ टाकून बसले होते, आमिषाला कणकेचा गोळा. माझी काठी त्यांनी दोनदा खालून वर बघितली.

“काय धरायचंय पोरा?”

“महासीर, आजोबा,” मी म्हणालो. आता आठवलं तरी लाज वाटते.

ते हसले नाहीत. म्हणाले, “माझा बाप धरायचा. आता इथं चिलापीच लागतो. तोसुद्धा खायचा नाही, मांजराला घालायचा.”

घरी येऊन मी जुनं वाचायला बसलो. प्रश्न सोपा होता. ॲपने ‘उत्तम’ म्हटलं ते कशाच्या जोरावर? आणि या नदीवर खरोखर उत्तम दिवस कधी असायचे?

आधी फ्लाय फिशिंगबद्दल दोन वाक्यं. नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणीक लावतात. इथे गळावर पिसं आणि केस गुंडाळून खोटा कीटक किंवा खोटा छोटा मासा बनवतात. त्याला वजन जवळपास नसतं, म्हणून जाड दोरीच्या वजनाने तो लांब फेकायचा. या आमिषाला वास नाही, चव नाही. माशाने ते डोळ्यांनी बघितलं पाहिजे. म्हणजे पाणी नितळ हवं, बहुतेकदा वाहतं हवं, आणि त्यात शिकार करणारा जिवंत मासा हवा. चंद्राचा नंबर त्यानंतर.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 15 अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण 10 मिलिग्रॅम, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. आता त्यात सांडपाणी सोडा. ते कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायू खातात. रात्री पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, वापरतात. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. म्हणजे मे महिन्यातली जी पहाट ॲपला उत्तम वाटली, तीच त्या पाण्यातल्या माशाची सगळ्यात वाईट वेळ होती.

आपल्या दख्खनच्या नद्यांचं स्वतःचं वेळापत्रक आहे, आणि ते पाऊस लिहितो. मृगाचे पहिले पाऊस पडले, ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट चढतात. मावळात, कोकणात कुणालाही विचारा, ‘चढणीचे मासे’ हा शब्द माहीत असतो. वरच्या अंगाला, वाहत्या पाण्यात अंडी घालायला ते निघालेले असतात. आषाढ-श्रावणात पाणी गढूळ, फ्लाय टाकून उपयोग नाही. पाऊस सरला की गाळ खाली बसतो, आणि दिवाळीच्या आसपासपासून माघापर्यंत पाणी नितळ आणि गार. मग उन्हाळा. प्रवाह तुटतो आणि मासे डोहात गोळा होतात. डोह म्हणजे नदीची तिजोरी. पुढच्या पावसात चढणारे मासे तिथेच जगतात.

आता इतिहासात जाऊ. पेशवाई 1818 मध्ये संपली. मुलूख आपला झाला, पण त्यात आहे काय, हे कंपनी सरकारला मोजायचं होतं. 1824 मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला हे काम दिलं. साइक्स गावोगाव फिरला. पिकं, लोकसंख्या, पक्षी, प्राणी आणि मासे, जे दिसेल ते त्याने नोंदवलं. पुढे दख्खनच्या माशांवर त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे निबंध मांडला, आणि 1839 मध्ये या माशांची शास्त्रीय नावं प्रसिद्ध झाली.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. साइक्सने बऱ्याच माशांना लॅटिन किंवा साहेबी नावं न देता इथलीच नावं दिली. शास्त्रीय नावांत आजही कोळस आहे, मुल्या आहे, सिंगटी आहे, आळकुटी आहे. नदीवर जगणाऱ्या माणसांच्या तोंडची मराठी नावं इंग्रजी स्पेलिंगचे कपडे घालून जगभरच्या पुस्तकांत जाऊन बसली. त्यातलंच एक नाव खुद्री. आज शास्त्रज्ञ ज्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात, तो हा दख्खनचा महासीर, निळसर पंखांचा.

नवी जात नोंदवताना तिचा नमुना कुठे मिळाला ते लिहावं लागतं. ती जागा मग त्या जातीचा कायमचा पत्ता होते. साइक्सने खुद्रीचा पत्ता दिला तो असा: मुळा-मुठा नदी, पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैल. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. आजच्या हिशेबाने हडपसरच्या पुढे, मांजरीच्या आसपास. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ‘खरा खुद्री कुठला’ असा प्रश्न निघाला, तर उत्तर येतं, आपल्या मुळा-मुठेचा. मी ज्या नदीकाठी नाक दाबून उभा होतो, तिथून थोडं खाली.

आता हौशी मासेमारीकडे वळू. 1873 मध्ये हेन्री सुलिव्हन थॉमस नावाच्या मद्रास सनदी सेवेतल्या अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढलं. महासीर कसा धरावा, कुठल्या पाण्यात फ्लाय टाकावी, हे साहेबांना शिकवणारं पुस्तक. पण थॉमस नुसता हौशी नव्हता. त्याआधी, दक्षिण कानडा जिल्ह्यात असताना, त्याने मत्स्यसंवर्धनावर सरकारी अहवाल लिहिला होता. नदीतले मासे कमी होतायत ही काळजी तेव्हाची आहे.

पुढे 1897 मध्ये भारतीय मत्स्य कायदा आला. सुरुंग लावून मासे मारायला बंदी, पाण्यात विष किंवा चुना टाकायला बंदी. वाचून मी खूश झालो. मग नीट वाचलं. विष टाकणाऱ्याचा हेतू मासे पकडायचा किंवा मारायचा असला, तर गुन्हा. म्हणजे एखाद्या भुकेल्या माणसाने डोहात विषारी पाला टाकला तर तो गुन्हेगार. अख्ख्या शहराने नळी सोडली तर? शहराचा हेतू मासे मारायचा नसतोच. शहराला फक्त आपलं सांडपाणी नजरेआड करायचं असतं. कायद्याच्या त्या एका शब्दातून आख्खी नदी निसटून गेली.

सांडपाण्याच्या आधी पाणीही गेलं होतं. मुठेवर 1870च्या दशकात खडकवासल्याचं धरण बांधलं गेलं. शहराला आणि लष्कराला पाणी मिळालं, कालव्याखाली शेती भिजली. पण चढणीच्या माशाच्या वाटेत भिंत आली. मुळेवर मुळशी. 1921 मध्ये तिथे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो आपण शाळेत शिकलो. धरण झालंच. त्यातलं पाणी वीज करायला घाटाखाली भिरा इथे सोडतात, म्हणजे ते मुळेत येतच नाही. ज्या नदीचं कॅलेंडर पाऊस लिहायचा, तिचं कॅलेंडर आता दरवाजे उघडणारे लिहितात. उन्हाळ्यात नदीत जे वाहतं, त्यातलं बरंचसं आपल्याच घरांतून आलेलं असतं. आणि पहिला पाऊस, जो चढणीचा मुहूर्त होता, तोच आता नाले-गटारांत साचलेली घाण एकदम नदीत लोटतो. जूनमध्ये मेलेल्या माशांचे फोटो तुमच्या ग्रुपवर येतात ना, त्यातले बरेचसे असे असतात.

आजोबांचा चिलापी म्हणजे तिलापिया. मूळचा आफ्रिकेचा, भारतात 1952 मध्ये आणला. घाण पाणी सोसतो, म्हणून तो उरला. 1942 मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली होती. 2003 मध्ये वाघ आणि घाटे या अभ्यासकांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले. जुन्या नोंदींतले काही मासे त्यांना मिळाले नाहीत. बाहेरून आलेले मात्र मिळाले.

इथे गोष्ट संपली असती तर ती नेहमीची रडकथा झाली असती. पण खुद्रीचं पुढे वेगळंच झालं.

1970च्या दशकात लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावाशेजारी, खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्यावर काम केलं. मादीची अंडी हाताने काढायची, नराचं वीर्य मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिल्लं वाढवायची. महासीरची अंडी अशी फलवणं तेव्हा मोठी गोष्ट होती. लाखोंनी बोटुकली तयार झाली आणि देशभरातल्या जलाशयांत, नद्यांत गेली. पुण्याचा मासा वाचला म्हणून आपण टाळ्या वाजवायला मोकळे.

त्यातली काही बोटुकली कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. कावेरीत आधीपासून एक महासीर होता. पाठीवर कुबड, नारिंगी पंख, प्रचंड मोठा. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा, महासीर धरला होता. याच माशासाठी जगभरचे हौशी लोक कावेरीवर यायचे, मासा धरून वजन लिहायचे आणि परत सोडायचे. ती वजनं लिहिलेल्या वह्या पुढे संशोधकांच्या हाती लागल्या. 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी बघितल्या तर महासीर वाढताना दिसतात. आनंदाची बातमी? नाही. वाढत होता तो निळ्या पंखांचा, बाहेरून आलेला. कुबडवाला कमी कमी होत चालला होता.

वाईट म्हणजे तोपर्यंत त्या कुबडवाल्याला पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. 2018 मध्ये ठरलं की तो ‘टॉर रेमादेवी’. त्याच वर्षी तो आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ओळख पटली आणि तेव्हाच तो जाण्याच्या वाटेवर होता. आपला खुद्री 2011 मध्ये धोक्यातल्या यादीत होता, नंतर तो तिथून निघून ‘फारशी चिंता नाही’ या यादीत गेला.

म्हणजे बघा, ज्याचा कायमचा पत्ता मुळा-मुठा, त्याला आपण आपल्या नदीत जगू दिलं नाही आणि दुसऱ्याच्या नदीत नेऊन सोडलं. तिथे तो दुसऱ्याच्या मुळावर आला. लोणावळ्यात काम करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती, शास्त्रही पक्कं होतं. चूक ही की मासा म्हणजे नुसता मासा असं सगळ्यांनी धरलं. खुद्री म्हणजे त्याचा डोह, त्याची चढण, त्याचा जून महिना. हे सगळं मागे ठेवून नुसती बोटुकली उचलली, की वाचतो तो फक्त आकडा.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. रायगड जिल्ह्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचा म्हणून तिथे कुणी मासा मारत नाही. महासीर हातातून खातात इतके जवळ येतात. ॲप नाही, हॅचरी नाही. डोह राखला, म्हणून मासा राहिला.

माझी काठी आता कपाटात आहे. ॲप काढून टाकलं. दिवाळीनंतर पुन्हा बंडगार्डनला गेलो होतो, रिकाम्या हाताने. आजोबा होते. मी विचारलं, “तुमचे वडील त्याला काय म्हणायचे? खुद्रीच?”

त्यांनी गळ ओढून घेतला, कणीक बदलली. “नाव नाय आठवत बाळा,” ते म्हणाले. “पन पाऊस पडला की बाप झोपायचा नाय. नदीवर कान लावून बसायचा.”

म्हणून तुम्हाला एक काम. तुमच्या गावात, शहरात जी नदी, ओढा, तळं असेल, त्यातल्या माशांची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुठला मासा कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात दिसायचा, तेही. फोन हातात आहेच, रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. पुढचा एक भाग आपण फक्त त्या आवाजांचा करू. साइक्सला ती नावं ऐकायला मिळाली कारण तेव्हा ती सांगणारी माणसं होती. आपल्याकडे अजून थोडी आहेत.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.